भिंतीवरचे बत्तीस दिवस

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

फ्लॉरेन्समध्ये एकच सकाळ हाताशी असेल तर उफ्फिझी संग्रहालयाच्या रांगेत ती घालवू नकोस. नदी ओलांड आणि सांता मारिया देल कार्मिने चर्चमधलं ब्रांकाच्ची चॅपेल गाठ. डाव्या भिंतीवर, वरच्या पट्ट्यात, मासाच्चो या चित्रकाराचं मंदिरपट्टीचं, म्हणजे मंदिरासाठी द्यायच्या कराचं, चित्र आहे. अंदाजे अडीच मीटर उंच, सहा मीटर लांब, 1425 ते 1427च्या सुमाराचं. हा गडी 1428 साली सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी रोममध्ये वारला. चॅपेलचं उरलेलं काम 1480च्या दशकात फिलिप्पीनो लिप्पीने पुरं केलं.

प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानातला, सतराव्या अध्यायाच्या शेवटचा. कफर्णहूमला पट्टी वसूल करणारा येतो. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो, तळ्यावर जा, गळाला जो पहिला मासा लागेल त्याच्या तोंडात नाणं सापडेल, ते देऊन टाक. मासाच्चोने तिन्ही क्षण एकाच चौकटीत मांडलेत. मधे मागणी, डावीकडे टोकाला पेत्र माशाचं तोंड उघडतोय, उजवीकडे पैसे चुकते. म्हणजे पेत्र तीनदा दिसतो आणि वसुलीवाला दोनदा. वसुलीवाला ओळखायला सोपा. आखूड अंगरखा, उघड्या पोटऱ्या, डोक्यामागे प्रभावळ नाही.

एवढं कुठलीही माहितीपुस्तिका सांगेल. तू चित्राआधी गिलावा वाच. तुला घर बांधण्याचं वेड आहे, तेव्हा ते जमेल.

फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावरचं काम. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास भाजली की चुनकळी होते. ती पाण्यात विरवून निदान काही महिने मुरवायची. न विरलेला एखादा खडा राहिला तर तो भिंतीत गेल्यावर सावकाश फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून खळगा पाडतो. चेहऱ्यावर असा खळगा पडला की संपलंच. भिंत आधी भिजवून घ्यायची, नाहीतर ती गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकते. मग सेंटिमीटरभर जाडीचा खरबरीत थर, एक भाग चुन्याला दोन-तीन भाग वाळू. चुना जास्त झाला तर बारीक भेगा, वाळू जास्त झाली तर भुगा. वाळू गोड्या पाण्यातलीच हवी. खारी असेल तर पुढे मीठ फुलून वर येतं आणि रंगासकट पापुद्रे सुटतात. या थरावर तांबड्या मातीने मूळ रेखाटन करायची रीत होती.

त्यावरचा शेवटचा बारीक थर जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा, आणि तो त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच लावायचा. लावल्या लावल्या रंगवायला घेतलं तर कुंचला गिलावा उकरतो. तास-दोन तासांनी तो आवळला की रंग ओढून घेऊ लागतो. तिथून पुढचे सहा-आठ तास आपले. रंगात डिंक नाही, अंडं नाही, नुसतं पाणी. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात बंदिस्त होतात. उशीर झाला की रंग वरवर बसतो आणि वाळल्यावर बोटाला लागतो. चूक झाली तर खोडणं नाही. तेवढा गिलावा खरवडून उद्या नव्याने.

दिवस संपला की उरलेला गिलावा थापीने तिरका कापून काढायचा. दुसऱ्या दिवशीचा थर या काठावर किंचित चढतो. तोच सांधा. बाजूने उजेड पडला की तो दिसतो आणि कोणता तुकडा आधीचा तेही कळतं. या चित्रात असे बत्तीस दिवस मोजलेत. शेजारच्या आदम-हव्वेच्या हकालपट्टीच्या चित्रात फक्त चार. सांधे बहुधा आकृतीच्या कडेने जातात. ओला रंग गडद असतो, वाळला की फिका पडतो, त्यामुळे एकच झगा दोन दिवसांत रंगवला तर छटा जुळणं महाकठीण.

गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचाच पांढरा, हे चुन्यात टिकतात. निळा अझुराइट आणि बरेचसे हिरवे मात्र वाळल्यावर चिकटा घालून लावावे लागत, आणि ते आधी गळतात. या चित्रातली झाडं बोडकी दिसतात ती म्हणूनच. मासाच्चोने पाने काढली होती, पण वाळल्या भिंतीवर. लिओनार्डोचं मिलानमधलं शेवटचं भोजन तर सगळंच कोरड्या भिंतीवरचं. त्याची दशा तू जाणतोसच. जाता जाता, अजिंठ्याच्या चित्रांना आपल्याकडे सर्रास फ्रेस्को म्हणतात, तेही चूक. तिथला गिलावा मातीचा, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग वाळल्यावर चिकट्यात कालवून दिलेले.

आता येशूचा चेहरा आणि वसुलीवाल्याचा चेहरा ताडून बघ. येशूचा मऊ, गुळगुळीत; बरेच अभ्यासक तो थोरला सहकारी मासोलीनोचा मानतात. मला ते पटतं. भोवतीचे शिष्य दगडातून काढल्यासारखे आणि मधेच हा लोण्याचा. तरी उजवीकडच्या इमारतीच्या मागे जाणाऱ्या रेषा मनाने लांबव, त्या येशूच्या डोक्यापाशीच मिळतात. सावल्या डावीकडे पडतात, कारण चॅपेलची खरी खिडकी चित्राच्या उजव्या हाताला, वेदीच्या भिंतीत आहे.

1771 साली चर्चला आग लागली. चॅपेल वाचलं, पण रंगांवर धूर बसला. 1980च्या दशकात सफाई झाली तेव्हा काजळीबरोबर आदम-हव्वेवर नंतर कोणी चढवलेली पानंही निघाली. त्याआधीची छायाचित्रं पाहून गेलास तर चकशील.

छोटी दुर्बीण घे, आत वेळ थोडाच देतात. सुरुवात डाव्या टोकापासून कर. पेत्राने झगा काढून शेजारी टाकलाय आणि वाकून बसल्याने तोंड लालबुंद झालंय.

तुझा,
अनंत