चिचुंद्रीच्या गाण्यासाठी, सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आपल्या मदतीने पूर्ण झालेला बालगीतांचा संग्रह या आठवड्यात छापून हाती आला. त्यात वाघ, हत्ती, मोर यांच्यापैकी कोणीही नाही. चिचुंद्री, देवगांडूळ, मृगाचा किडा, शेणकिडा, उदमांजर अशी, ज्यांच्याकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही, ती मंडळी आहेत. निवृत्तीनंतरही विद्यार्थ्यांना घेऊन वेताळ टेकडी पालथी घालणाऱ्या आपल्यासारख्या जीवशास्त्राच्या शिक्षकाने प्रत्येक गाणे ओळीओळीने तपासून दिले, त्याबद्दल हे आभार जाहीरपणे मानावेत असे मनापासून वाटले.

आपली अट एकच होती. प्राण्याला मूर्ख, आळशी किंवा चोर ठरवून हशा मिळवायचा नाही. त्याच्या खऱ्या सवयींतच गंमत सापडली पाहिजे. या अटीमुळेच गाण्यांना रंग चढला. चिचुंद्री ही उंदराच्या कुळातली नसून झुरळे आणि किडे खाणारी आहे, हे आपण समजावलेत. आणि पिल्लांना दुसरीकडे नेताना पहिले पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने घट्ट धरते, दुसरे पहिल्याला, तिसरे दुसऱ्याला, आणि अशी सगळी रांग भिंतीलगत चालू लागते, हेही सांगितलेत. त्यानंतर धृपद सुचायला वेळ लागला नाही:

शेपूट धरा रे, शेपूट धरा,
भिंतीच्या कडेने चला भराभरा!

वर्गातली मुले आता एकमेकांचे सदरे धरून हे गाणे म्हणतात आणि रांग तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

चालींनाही आपल्या माहितीचा आधार मिळाला. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर दिसणारा तो लाल, मखमली मृगाचा किडा खरे तर कोळ्याच्या नात्यातला आणि आठ पायांचा, म्हणून त्याचे गाणे आठ मात्रांच्या केरव्यात बसवले. शेणकिड्याला सहा पाय, म्हणून त्याला दादरा दिला. ही जोडी मुलांना इतकी पटली आहे की ताल धरताना ती मोठ्याने पाय मोजतात. देवगांडुळाच्या गाण्यात तो गांडूळही नाही आणि सापही नाही, बेडकाचा भाऊबंद आहे, एवढे कोडे ठेवले आहे. साप समजून त्याला मारणारा एखादा हात जरी या गाण्यामुळे थांबला, तरी मला फार समाधान वाटेल.

परंतु सर्वांत मोठे ऋण कोंढाण्याच्या उंदराचे आहे. सिंहगडावर जाऊन पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाऊन उतरणाऱ्या आम्हा पुणेकरांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की त्याच माथ्यावर मऊ केसांचा, बिळात राहणारा, रात्री बाहेर पडणारा एक उंदीर आहे, की 1975 मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली आणि गडाचे जुने नाव त्याच्या शास्त्रीय नावात कायमचे जाऊन बसले? सह्याद्रीतील मोजक्या ठिकाणांपलीकडे तो आढळत नाही. आपण हे सांगेपर्यंत मलाही तो माहीत नव्हता. त्याचे गाणे पोवाड्याच्या चालीवर बांधावे ही सूचनाही आपलीच होती, आणि माझ्या मते संपूर्ण संग्रहात तेच गाणे सरस उतरले आहे.

संग्रहाच्या दोन प्रती घेऊन मंगळवारी संध्याकाळी आपल्याकडे येत आहे. सोबत पालीचे अपुरे गाणेही आणते. तुटलेली शेपूट पुन्हा फुटते इथवर कडवी झाली आहेत. गुळगुळीत काचेवर तिचे पाय कसे टिकून राहतात, ते मुलांना कळेल अशा चार ओळींत कसे मांडावे, हे आपल्यासमोर बसूनच ठरवावे म्हणते.

आपली कृतज्ञ,
संग्रहाची गीतकार
पुणे