चक बेरीचा ब्लूज ऐका

महोदय,

अमेरिकी रॉक गायक-गिटारवादक चक बेरी म्हणजे फक्त 'जॉनी बी. गुड' हे गाणे, हा समज खोडायचा तर 'लाइव्ह अ‍ॅट द फिलमोर ऑडिटोरियम' हा अल्बम ऐकावा. सॅन फ्रान्सिस्कोतले हे ध्वनिमुद्रण 1967 चे, मर्क्युरी कंपनीचे. साथीला स्टीव्ह मिलर ब्लूज बँड. या बँडचा स्वतःचा पहिला अल्बम 1968 मध्ये आला.

ऐकताना मात्रा मोजा. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराचे आवर्तन बारा मापांचे (बार), प्रत्येकी चार ठोके. पहिली चार मापे मूळ स्वरसंघात (कॉर्ड), मग दोन चौथ्या स्वरावरच्या स्वरसंघात, दोन पुन्हा मूळ. नववे पाचव्यावर, दहावे चौथ्यावर, शेवटची दोन परत मूळ. संथ गाण्यांत ही बदलाची ठिकाणे सहज सापडतात.

खरी मेख ठोक्यात आहे. शफल या ब्लूजच्या झुलत्या लयीत ठोक्याचे तीन भाग होतात, मधला गाळतात. मात्रेचे तीन भाग करणाऱ्या आपल्या तिस्र जातीसारखेच. बेरीची रॉकमधली गिटार मात्र ठोका सरळ दोनांत विभागते. साथीदारांनी हा फरक ओळखला नाही, तर लय ओढल्यासारखी वाटते. बेरी अनेकदा गावोगावच्या स्थानिक वादकांबरोबर वाजवत असे, त्यामुळे हा धोका कायमचा. इथे मात्र साथ मुरलेली आहे आणि बेरीचा आवाज, गिटार दोन्ही निवांत. आपल्या संगीतविषयक पानावर अशा अल्बमांनाही जागा मिळावी, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, पुणे