सूचना: लेझर पेन कार्यक्रमाला आणू नका

सर्व सभासदांना नमस्कार,

दिवाळीचा कार्यक्रम यंदा मैदानात आहे आणि विमानं डोक्यावरूनच उतरतात. मुलांच्या खिशात लेझर पेन नाही ना, हे निघण्याआधी एकदा बघा.

ब्रिटनमध्ये 2018 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. विमान, हेलिकॉप्टर, आगगाडी, बस, गाडी, बोट यांपैकी कशावरही लेझर मारला आणि चालकाचे डोळे दिपले किंवा दिपण्याची शक्यता होती, तर तो गुन्हा ठरतो. अपघात घडवायचा हेतू होता, हे पोलिसांना सिद्ध करावं लागत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वाहन निघायच्या तयारीत उभं असलं तरीही हाच नियम.

'एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय?' असं अनेक पालक म्हणतात. पण तो ठिपका दूर जाईल तसा पसरत जातो. कॉकपिटच्या काचेवर पडला की उजेड विखुरतो आणि सगळी काच हिरवी होते. तेही नेमकं उतरताना, जेव्हा वैमानिकाला धावपट्टीचे दिवे दिसायलाच हवेत. मागे शेकडो माणसं बसलेली असतात हो!

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या पेनांवरच्या लेबलांवर विसंबू नका. एक मिलीवॅटपेक्षा जास्त ताकदीचं पेन मुलांच्या हाती नकोच. त्यानं डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

कार्यक्रमात कुणाकडे पेन दिसलं तर स्वयंसेवक ते काढून घेतील आणि निघताना पालकांकडे देतील. कृपया वाद घालू नये.

– कार्यकारिणी