नातीच्या हातातला खाऊ

मा. संपादक,

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आई आम्हा तिघांत मिळून एकच चॉकलेट आणायची. सुरीने सारखे तुकडे करायची. चांदीचा कागद मी पुस्तकात जपायचे. परवा नातीसाठी घेतलेल्या चॉकलेटवर जुन्या तारखेवर नवी चिकटवलेली दिसली. "वरूनच तशें आयलां, बाय," दुकानदार म्हणाला. मी ते परत केलं. नात रडली, आणि मलाही वाईट वाटलं.

एप्रिल २०२२मध्ये साल्मोनेला या जंतूमुळे बेल्जियममधला किंडर चॉकलेटचा कारखाना बंद करावा लागला होता; आजारी पडलेली बहुतेक लहान मुलंच होती. तिथे माल निदान परत मागवला गेला. आमच्या वाड्यावरच्या दुकानातला कोण मागवणार? अन्न व औषध प्रशासनाने शाळांजवळच्या गाड्यांवरचा खाऊ चतुर्थीआधी तपासावा, ही कळकळीची विनंती.

— एक आजी, म्हापसा