मोरपंखीला सिकेटर जपून लावा

संपादक महोदय,

छोट्या बागेसाठी सोनेरी मोरपंखी सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. निवड उत्तम. पण 'वाढली की हवी तेवढी कापून बुटकी ठेवा' ही त्यातली सूचना झाडाच्या मुळावर येणारी आहे.

मोरपंखीच्या दोन फांद्या बोटांनी फाकवून आत पाहावे. बाहेरून चार बोटे सोनेरी-हिरवी पालवी, आत नुसत्या तपकिरी काड्या. जास्वंद कुठेही कापली तरी फुटते. मोरपंखीच्या या जून काड्यांना सहसा फुटवा येत नाही. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हिरव्याच्या आत गेला की पडलेले भगदाड कायमचे. छाटायचेच तर नवी वाढ सुरू होण्याआधी, फक्त शेंडे खुडावेत.

मुळात कापायची वेळ येते ती जागा चुकल्यामुळे. बुटकी म्हणजे हळू वाढणारी, वाढ थांबलेली नव्हे. वर्षाला साधारण 2.5 ते 15 सेंमी वाढणाऱ्या सूचिपर्णीला बुटकी म्हणतात. 'ऑरिया नाना' हा परिचित वाण दहाएक वर्षांत 60 ते 90 सेंमी होतो आणि पुढेही वाढतच राहतो. रोप वीतभर असले तरी भिंतीपासून 75 सेंमी सोडावेत. शेजारचे झुडूप टेकले की तेवढी बाजू आतून उघडी पडते.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याइतकीच. पिशवीत गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत आणि खोड मातीत गाडू नये. रोज पाच-सहा तास ऊन हवे. सावलीत सोनेरी रंग हिरवा पडतो. थंडीत येणारी तांबूस झाक हा रोग नव्हे. युरियाचा मोह टाळावा, नत्र जास्त झाले की वाढ ढिली होऊन फांद्या फाकतात.

सर्वाधिक झाडे दगावतात ती पाण्याने. पाणी तुंबले की मुळे कुजतात, मुळे कुजली की पालवी सुकते, आणि सुकलेली पालवी पाहून माणूस आणखी पाणी घालतो. त्यात मुळे गेल्यावरही हे झाड काही आठवडे हिरवे दिसते, म्हणून चूक उशिरा कळते. बोट 5 सेंमी मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

माती ठीक असूनही पालवी धुरकट दिसली, तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावरचे ठिपके चालू लागले तर ती कोळी नावाची बारीक कीड. आतल्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारून झाड धुवावे, चार-पाच दिवसांनी पुन्हा.

तळाशी एकाच बाजूला, एकाच उंचीवर पालवी करपली असेल तर मात्र औषध शोधू नये. तिथे रोज एखादे कुत्रे पाय वर करत असते.

– एक वाचक