तो गोल माझ्या नावावर लिही

नाशिक,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मन्या,

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर आपण पाच मिनिटांत पोरांच्या फी आणि तुझ्या लोकलच्या गर्दीवर येतो आणि जे सांगायचं ते राहून जातं. म्हणून बसून लिहितोय. बाहेर भुरभुर चालू आहे, वारा सुटलाय, आणि आज दिवसभर तो वाराच डोक्यात आहे.

तुला माहीतच आहे, दर रविवारी सकाळी मी गंगापूर रोडच्या बाजूला मुलांना फुटबॉल शिकवतो. आज सातपूरच्या पोरांशी मॅच होती. आमची गोलकीपर स्वरा. तेरा वर्षांची, बारीक अंगाची, पण समोरच्याच्या पायात उडी मारायला न घाबरणारी. दुसऱ्या हाफला वारा धरणाच्या बाजूने जोरात यायला लागला, म्हणजे थेट तिच्या तोंडावर. त्यांच्या कीपरने आपल्या डीमधून, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनातून, बॉल उंच उडवला. नुसता लांब घालवायला, बाकी काही मनात नाही. बॉल वर गेला आणि उतरायचं नावच घेईना. स्वरा डीच्या टोकाशी उभी होती. ती दोन पावलं पुढे आली. बॉलचा टप्पा तिच्यासमोर ओल्या गवतावर पडला, तो सटकून असा उसळला की तिच्या वर केलेल्या हातांच्याही वीतभर वरून गेला आणि घरंगळत जाळीत शिरला.

सगळे हसले. त्यांचे पालक हसले, आमचेही हसले. एकाने मोबाईलवर काढलं होतं. मॅच संपायच्या आत तो व्हिडिओ ग्रुपवर आला, त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची रांग. स्वरा रडली नाही. मॅच पूर्ण खेळली. मग तिने हातमोजे काढले, एकात एक घातले, पोस्टच्या बुडाशी ठेवले आणि मला म्हणाली, "सर, पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

मन्या, ते एकात एक घातलेले मोजे बघितले आणि मला तू दिसलास.

पण आधी तिचं सांगतो. मी तिला कठड्यावर घेऊन बसलो आणि फोनवर एक गोल दाखवला. २ नोव्हेंबर २०१३, स्टोक सिटी आणि साउथॅम्प्टन. मॅच सुरू होऊन १३ सेकंद झालेली. स्टोकचा कीपर आस्मिर बेगोविच आपल्याच खेळाडूचा बॅकपास, म्हणजे मागे दिलेला पास, आला म्हणून बॉल लांब मारतो. वारा त्याच्या पाठीमागून. बॉल अख्खं मैदान ओलांडून समोरच्या डीपाशी टप्पा खातो आणि साउथॅम्प्टनच्या आर्तुर बोरुत्सच्या डोक्यावरून आत. अंतर ९१.९ मीटर, त्या वेळचा विश्वविक्रम. पुढे २०२१ च्या जानेवारीत न्यूपोर्ट काउंटीच्या टॉम किंगने गोलकिकवर ९६.०१ मीटरवरून गोल केला तेव्हा तो मोडला. बोरुत्स पोलंडचा कीपर, वर्ल्ड कप खेळलेला, मोठा माणूस. त्याचेही हात तसेच वर, स्वरासारखेच.

तिने तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. मग विचारलं, "ज्याने गोल मारला तो नाचला का नाही?"

नाचला नाही, कारण तोही कीपर होता. बोरुत्सला त्या क्षणी काय वाटत असेल हे त्या मैदानावर त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. एव्हर्टनचा कीपर टिम हॉवर्डचंही तसंच. ४ जानेवारी २०१२, त्यांच्या गुडिसन पार्क मैदानावर भन्नाट वारा, हॉवर्डने आपल्या डीतून मारलेला बॉल टप्पा खाऊन बोल्टनचा कीपर आडाम बोग्दानवरून आत गेला. सगळे त्याच्या अंगावर धावत आले आणि हा तोंड गंभीर करून उभा. मॅच शेवटी बोल्टननेच २-१ अशी जिंकली, हे स्वराला मी दोनदा सांगितलं.

आणि तिला हेही सांगितलं की ती डीच्या टोकाशी उभी होती ती मी सांगितलं म्हणून. डिफेन्स वर सरकला की कीपरने पुढे यायचंच असतं, मागे सुटलेला बॉल त्यानेच उचलायचा असतो. असा गोल झाला की लोक विचारतात, पुढे कशाला आली? पुढे येऊन तिने पहिल्या हाफला तीन बॉल काढले होते, त्यांचा व्हिडिओ कुणी काढला नव्हता.

आता तुझं. खरं तर माझं.

आपल्या कॉलेजची ती फायनल. शून्य-शून्य, दहा मिनिटं उरलेली. मैदानात पावसाळाभर म्हशी चरायच्या, त्यांच्या खुरांचे खड्डे ऑक्टोबरच्या उन्हात वाळून दगडासारखे झालेले. तुझ्या हातात तुझ्या बाबांचे स्कूटरचे मोजे. मी लेफ्ट बॅक. त्यांचा फॉरवर्ड अंगावर आला, मी घाबरलो आणि न बघता तुला बॅकपास दिला. तू डाव्या पायाने मारायला पाय उचललास. बॉल खुराच्या खड्ड्याच्या काठाला लागून टुणकन उडाला, तुझ्या बुटावरून गेला आणि गोललाइन ओलांडून थांबला. तुझा पाय हवेत फिरला आणि तू पडलास.

अख्खं मैदान हसलं. मीही हसलो, मन्या. तुझ्याकडे बोट दाखवून हसलो. का हसलो ते मला तेव्हाही माहीत होतं. मी हसत होतो तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

पुढे कित्येक वर्षांनी, ११ ऑक्टोबर २००६ च्या मॅचमध्ये, तोच गोल मला टीव्हीवर दिसला. झाग्रेबला क्रोएशिया विरुद्ध इंग्लंड. गॅरी नेव्हिल आपला कीपर पॉल रॉबिन्सनला साधा, सरळ बॅकपास देतो. रॉबिन्सन पाय उचलतो, बॉल उखडलेल्या गवताच्या ढेकळाला लागून ऐन वेळी उडतो, पायावरून जातो आणि आत. क्रोएशिया २-० ने जिंकली. इंग्लंड पुढे त्या युरो कपला पात्रच ठरलं नाही. जगभर लोक हसले ते रॉबिन्सनला. पण रेकॉर्ड काढून बघ. सेल्फ गोल कुणाच्या नावावर आहे? नेव्हिलच्या. कीपरच्या पायाला बॉल लागलाच नव्हता. ज्याने शेवटचा पाय लावला, गोल त्याचा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या गोलचं रेकॉर्ड कुठे असणार? कॉलेजच्या पोरांच्या तोंडी होतं तेवढंच, आणि तिथे तुझं नाव होतं. "मन्याने सोडला" असंच सगळे म्हणायचे. पुढच्या सीझनला तू भिंतीवर बसून मॅच बघायचास, आत उतरला नाहीस. मी एकदाही म्हणालो नाही की पास माझा होता.

आता मुलांना शिकवतो तेव्हा पहिल्याच महिन्यात सांगतो. बॅकपास गोलच्या चौकटीत द्यायचा नाही, पोस्टच्या बाहेरच्या बाजूला द्यायचा. म्हणजे बॉल उडाला, घसरला, कीपरचा पाय चुकला तरी फार तर कॉर्नर जाईल. १९९२ पासून कीपरला बॅकपास हातात घेता येत नाही. त्याच्याकडे फक्त पाय उरतो, मग देणाऱ्याने त्याला वाचवायला नको? मी तुला चौकटीच्या बरोबर मध्यावर दिला होता. माझा पास तिथे नसता तर खुराच्या खड्ड्याने काहीही बिघडलं नसतं.

सगळ्यांना असा न्याय मिळत नाही हेही खरं. सप्टेंबर २००२ मध्ये बर्मिंगहॅमच्या डर्बीत, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांच्या मॅचमध्ये, अॅस्टन व्हिलाच्या ओलॉफ मेल्बर्गने आपला कीपर पीटर एन्केलमनकडे बाजूच्या रेषेवरून हाताने थ्रो टाकला, तो एन्केलमनच्या बुटाखालून आत गेला. थ्रोचा बॉल कुणाला न लागता आपल्याच गोलमध्ये गेला तर नियमाने कॉर्नर मिळतो. म्हणजे सगळं अडलं होतं बुटाला बॉल निसटता लागला की नाही यावर. रेफरीने लागला असं ठरवलं आणि गोल एन्केलमनच्या नावावर चढला. आणि २००९ चा तो बीच बॉल तर तुला आठवतोच. संडरलंडच्या डॅरन बेंटचा शॉट प्रेक्षकांतून मैदानात आलेल्या लाल फुग्यासारख्या बॉलला लागला, तो एकीकडे गेला, खरा दुसरीकडे, आणि लिव्हरपूलचा पेपे रेना मधे अडकला. नियमाने तो गोलच नव्हता, बाहेरची वस्तू आड आली की खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा असतो, म्हणजे रेफरीने बॉल खाली टाकून खेळ पुन्हा सुरू करायचा. रेफरीने गोल दिला, लिव्हरपूल १-० ने हरलं. रेनाने काय करायला हवं होतं, कोणता बॉल धरायला हवा होता, सांग ना?

स्वराला मी शेवटी स्पेनचा कीपर उनाई सिमोनचं सांगितलं. २८ जून २०२१, कोपनहेगन, स्पेन-क्रोएशिया. पेद्रीचा लांबून आलेला बॅकपास सिमोनच्या बुटावरून सटकून आत गेला. गोल लिहिला गेला पेद्रीच्या नावावर, जगाने बोट दाखवलं सिमोनकडे. तो तसाच उभा राहिला. एक्स्ट्रा टाइममध्ये क्रोएशियाच्या क्रामारिचचा जवळून आलेला शॉट त्याने अडवला, स्पेन ५-३ ने जिंकलं. चार दिवसांनी स्वित्झर्लंडविरुद्ध शूटआउटमध्ये त्याने दोन पेनल्टी अडवल्या. कोचने त्याला बदललं नव्हतं. मीही स्वराला बदलणार नाही, हे तिला आणि तिच्या आईला, दोघींना सांगून आलोय. ग्रुपवरचा व्हिडिओही काढून टाकायला लावला.

आणि आज संध्याकाळी आपल्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर मी लिहिलं: त्या फायनलचा गोल मन्याचा नव्हता, माझा होता, बॅकपास मी न बघता चौकटीत दिला होता. तू ग्रुप क्वचित उघडतोस म्हणून इथेही लिहितोय. इतकी वर्षं लागली याची मला लाज वाटते. मला माफ कर.

आता एक मागणं आहे. शनिवारच्या पंचवटीने ये. नाशिकरोडला मी घ्यायला येतो. वहिनींना आणि पोरांना आणलंस तर उत्तमच, आई तुझी वाट बघतेय, तुझ्यासाठी मांडे करायचं तिच्या मनात आहे. रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर जाऊ, मिसळ नंतर.

स्वराने निघताना मोजे उचलले, पण घातले नाहीत, बॅगेत टाकले. मग सायकलवर बसता बसता विचारलं, "सर, एवढ्या वाऱ्यात टप्पा पडायच्या आधी मागे सरकायचं, की टप्पा पडल्यावर?" मी डिफेंडर, मला येईना. म्हटलं, माझा एक मित्र आहे, कीपर आहे, त्याला विचारून सांगतो.

तुझा,
अवि