गोल कंसाची शिक्षा: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

परवा माझ्या पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागला. 'नो चेंज'. बी.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाच्या रिअल अ‍ॅनालिसिसच्या पेपरात दहा गुणांच्या एका प्रश्नाला मला शून्य मिळालं होतं, ते शून्यच राहिलं. माझं उत्तर बरोबर होतं, चूक प्रश्नातच होती. परीक्षा झाल्यावर आम्ही मुलं-मुली निवेदन घेऊन गेलो तेव्हा परीक्षा विभागात आम्हाला तोंडी सांगितलं होतं, "प्रश्न चुकलाय हे खरं आहे, सगळ्यांना गुण देऊ, काळजी करू नका." निवेदनाची पोच माझ्याकडं आहे. तसे गुण मात्र कुणालाच दिले नाहीत, आणि आता तसं कुणी बोललंच नव्हतं असं सांगतात.

मराठवाड्यातली आमच्यासारखी कॉलेजं दोन विद्यापीठांत वाटलेली आहेत. माझं कोणतं ते इथं लिहीत नाही, कारण माझा धाकटा भाऊ अजून तिथंच शिकतो आहे.

साहेब, हा प्रश्न काय होता तो आधी वाचा. आपण गणिताचे विद्यार्थी नसाल तरी कळेल, एवढा तो सोपा आहे. पेपरात छापलं होतं: ए ते बी या इंटरव्हलवर फंक्शन कंटिन्यूअस (कुठंही न तुटलेलं) असेल तर ते बाउंडेड (किमतीला मर्यादा असलेलं) असतं, हे सिद्ध करा. ए आणि बी भोवती गोल कंस होते. गोल कंस म्हणजे ओपन इंटरव्हल, दोन्ही टोकं वगळलेली. खरं थेअरम चौकोनी कंसाचं आहे, म्हणजे टोकं धरून घेतलेल्या क्लोज्ड इंटरव्हलचं. गोल कंस घातला की विधान खोटं होतं. शून्य ते एक या ओपन इंटरव्हलवर एक छेद एक्स हे फंक्शन घ्या. ०.१ ला त्याची किंमत १०, ०.०१ ला १००, ०.००१ ला १०००. शून्याकडं सरकत जा, किंमत वाढतच जाते, तिला कुठंच मर्यादा नाही. फंक्शन कंटिन्यूअस आहे, पण बाउंडेड नाही. म्हणजे जे सिद्ध करा म्हणून सांगितलं, ते जगात कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

पेपर त्या दिवशी ऑनलाइन येऊन केंद्रावरच झेरॉक्स झाला, म्हणून उशिरा वाटला. पत्र्याचा हॉल, बाहेर ऊन मी म्हणतंय, पंखे बंद. कंस गोल आहे की झेरॉक्समध्ये कोपरे पुसले गेलेत, हे बघायला मी कागद खिडकीकडं धरला. गोलच होता. पर्यवेक्षक इतिहासाचे होते, त्यांना काय सांगणार? तरी त्यांनी केंद्रप्रमुखांना बोलावलं, केंद्रप्रमुखांनी फोन लावला. उत्तर आलं, "पेपरात आहे तसं सोडवा."

मी तसंच सोडवलं. विधान असत्य आहे असं लिहिलं, एक छेद एक्सचं काउंटर एक्झाम्पल, म्हणजे ते खोटं पाडणारं उदाहरण, दिलं. तेवढ्यावर न थांबता, इथं चौकोनी कंस अभिप्रेत असावा असं लिहून क्लोज्ड इंटरव्हलची सगळी सिद्धताही दिली: फंक्शन अनबाउंडेड आहे असं माना, सिक्वेन्स काढा, बोल्झानो–वायरस्ट्रासनं कन्व्हर्जंट सबसिक्वेन्स घ्या, तिची लिमिट इंटरव्हलच्या आतच पडते कारण टोकं आत आहेत, आणि तिथं कंटिन्युइटीशी विरोध येतो. टोकं आत असण्याची गरज नेमकी कोणत्या ओळीत लागते, तिच्याखाली रेघ मारली. छायांकित प्रत हातात आली तेव्हा त्या दोन्ही पानांवर लाल पेनाची एकेक तिरकी रेघ होती. समासात शून्य. शेरा एका शब्दाचाही नाही.

आणि ज्यांनी गाइडमधली सिद्धता जशीच्या तशी उतरवली, गोल कंसाच्या प्रश्नाखाली चौकोनी कंसाची सिद्धता लिहिली, त्यांना आठ-आठ, नऊ-नऊ गुण. आम्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. त्यातल्या किती जणांनी ती पाठ करून लिहिली आणि किती जणांनी मायक्रो झेरॉक्सच्या चिठ्ठीवरून, ते त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. दरवर्षी कॉपीमुक्त परीक्षेच्या घोषणा होतात, भरारी पथकं फिरतात. पण पेपर काढणारा गाइडमधलंच थेअरम विचारणार आणि तपासणारा गाइडशीच ताडून बघणार असेल, तर चिठ्ठी आणणाऱ्याला तुमच्या व्यवस्थेनंच शहाणं ठरवलंय. मूर्ख ठरले ते कंस वाचणारे.

गणिताच्या परीक्षेची तयारी आमच्याकडं कशी होते ते आपल्याला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. सेमिस्टर सुरू होतं, शिक्षक नसतात. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासामागं मानधनाच्या, नेमणुका व्हायला महिने जातात. अर्धा सिलॅबस बाकी असताना फॉर्म भरायची तारीख येते. मग झेरॉक्सच्या दुकानात मागच्या पाच वर्षांच्या पेपरांचा संच मिळतो, त्यावर कुणीतरी तारे करून ठेवलेले असतात. तीन तारे म्हणजे हमखास येणार. रात्र-रात्र जागून थेअरमं पाठ करायची, 'लेट एप्सिलॉन ग्रेटर दॅन झीरो'पासून सिद्धता संपल्याच्या शेवटच्या चौकोनापर्यंत, कवितेसारखी. मधली ओळ आठवली नाही की संपलं. वर्ग भरतात तेव्हाही फळ्यावरून उतरवून घ्यायचं आणि उतरवलेलंच पाठ करायचं. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींना डेल्टा एप्सिलॉनवर अवलंबून का असतो, हे पदवी मिळेपर्यंत कळलेलं नाही. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना ते कधी कुणी विचारलंच नाही.

मला एक सर मिळाले म्हणून मी वेगळी तयारी करू शकले. तेही तासिका तत्त्वावरचेच. ते म्हणायचे, "थेअरम पाठ करू नको, मोडून बघ. एकेक अट काढ आणि बघ कुठं तुटतंय ते." मी तशी वहीच केली. डाव्या पानावर थेअरम, उजव्या पानावर अट काढल्यावर काय होतं ते. रोलच्या थेअरममधून डिफरन्शिएबल असण्याची अट काढली की उणे एक ते एकवर मॉड एक्स उभं राहतं: दोन्ही टोकांना किंमत सारखी, पण डेरिव्हेटिव्ह शून्य कुठंच नाही. शून्य ते एक या क्लोज्ड इंटरव्हलवर एक्सचा एनवा घात घ्या: प्रत्येक फंक्शन कंटिन्यूअस, लिमिट मात्र एकपाशी तुटलेली, कारण कन्व्हर्जन्स युनिफॉर्म नाही. ग्रुप थिअरीत लग्रांजचं थेअरम (सबग्रुपची ऑर्डर, म्हणजे घटकांची संख्या, ग्रुपच्या ऑर्डरला भागते) उलटं चालत नाही. ए-फोर या ग्रुपची ऑर्डर १२, पण त्यात ६ ऑर्डरचा सबग्रुपच नाही. ही वही भरली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की गणित आपलं आहे, आपल्यालाही त्यात बोलता येतं. पेपर कसा सोडवायचा तेही सरांनीच शिकवलं: पहिली दहा मिनिटं पेन खाली ठेवायचं, प्रत्येक प्रश्नातली अट शोधायची, दिलेली अट वापरली गेली नाही तर सिद्धता चुकली असं समजायचं, आणि व्याख्या आधी लिहायची.

मी त्या दिवशी अट वाचली म्हणूनच मला शून्य मिळालं. सरांना हे मी अजून सांगितलेलं नाही. पुढच्या सेमिस्टरला त्यांची नेमणूक झालीच नाही. त्यांचं आधीचं मानधनही महिनोन्‌महिने थकलेलं होतं. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झालेला माणूस, पस्तिशी उलटलेली, घरी लेकरं. तुमच्या खात्याला असा माणूस तासावर लागतो, आणि वर्गात तास नसला की तो नकोसा होतो.

मी पास झाले. पण एम.एस्सी.च्या गुणवत्ता यादीत माझं नाव लागलं नाही, ते या दहा गुणांनी. माझी माय दिवसभर मशीनवर बसून ब्लाऊज शिवते, त्या पैशांतून पुनर्मूल्यांकनाची फी गेली. माझी मैत्रीण माझ्याहून हुशार होती. तिला वाटलं, विद्यापीठाचा पेपर चुकीचा कसा असेल, आपल्यालाच येत नसेल. पाऊण तास ती त्या खोट्या विधानाची सिद्धता शोधत राहिली, शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. ती नापास झाली. घरच्यांनी 'आता बास' म्हणून स्थळं बघायला सुरुवात केली. ती आता माझा फोनही उचलत नाही. एका कंसानं तिचं काय केलं, हे कोणत्या रजिस्टरात नोंदवणार?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ म्हणतो की निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावावा. आमच्याकडं हे कोण पाळतं? २०१७ साली मुंबईत ऑनलाइन तपासणीचा गोंधळ झाला, निकाल रखडले, तेव्हा सगळं राज्य हललं आणि कुलगुरूंना जावं लागलं. मराठवाड्यातल्या मुलांचे निकाल रखडतात तेव्हा आतल्या पानावर चार ओळी येतात. आमची मुलं पुण्याला प्रवेशाच्या रांगेत हातात निकाल नाही म्हणून मागं राहतात.

१९५८ साली इथं विद्यापीठ झालं, त्याआधी आमच्या आजोबांच्या पिढीला पदवीसाठी हैदराबादच्या विद्यापीठावर अवलंबून राहावं लागायचं. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला बरोबरीच्या वागणुकीचा शब्द दिला गेला. घटनेच्या ३७१ (२) कलमात तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी समन्यायी पद्धतीनं देण्याची गोष्ट लिहिलेली आहे. दांडेकर समितीनं १९८४ साली मागासलेपण मोजून दाखवलं. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनाला मंत्री येतात, भाषणं होतात, पॅकेजचे आकडे सांगितले जातात. त्या पॅकेजमधून गणिताचे किती पूर्णवेळ प्राध्यापक आले? माझ्या तालुक्यात एकही नाही. २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन साजरा होतो, रामानुजनच्या फोटोला हार घालतात, रांगोळी स्पर्धा होते. फोटोसमोर उभं राहून मुलांना शोधक व्हा म्हणतात आणि परीक्षेत शोधलं की लाल रेघ मारतात.

नवीन शैक्षणिक धोरण आलं, क्रेडिट आले, विषयांची नावं बदलली. पेपर कोण काढतो, त्याला त्याचे किती पैसे मिळतात, काढलेला पेपर दुसरा कुणी सोडवून बघतो का, यातलं काय बदललं? कॅप सेंटरवर, म्हणजे तपासणी केंद्रावर, गठ्ठे उपसणाऱ्या प्राध्यापकाला एका उत्तरपत्रिकेला किती मिनिटं मिळतात? दुसऱ्या शिक्षकानं पेपर नुसता एकदा सोडवला असता तर तो गोल कंस पाचव्या मिनिटाला दिसला असता.

म्हणून मागते ते एवढंच आहे. या प्रश्नाचे गुण, प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलेल्या प्रत्येकाला द्या, आणि ज्यांनी तो चुकीचा आहे हे दाखवलं त्यांना पूर्ण द्या. प्रत्येक गणिताचा पेपर छापण्याआधी, तो न काढलेल्या शिक्षकाकडून वेळ लावून सोडवून घ्या. परीक्षेनंतर आदर्श उत्तरं जाहीर करा, म्हणजे तपासणारा आणि लिहिणारा दोघंही एकाच कागदाला बांधील राहतील. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच मान्य केलाय, तेव्हा ती दाखवायला आमच्याकडून एवढी फी घेऊ नका, आणि 'नो चेंज' लिहिताना का नाही तेही लिहा. सगळ्यात आधी, जून संपायच्या आत वर्गात शिक्षक उभा करा.

माझ्या मैत्रिणीचा बॅकलॉगचा फॉर्म भरायची मुदत या महिनाअखेर संपते. तिनं तो भरायचा की गुण वाढून ती पास होणार, हे त्याच्या आत कळलं पाहिजे. तोंडी नको, या वेळी लेखी पाठवा.

आपली,
गणित विषयाची एक पदवीधर,
मराठवाडा